रिकामी स्लेड

१

रविवारी जेवणं उरकली की टेकडीवर जायचं, हा प्रतापच्या घरचा हिवाळ्यातला शिरस्ता होता.

प्रताप मूळचा नागपूरचा. उन्हाळ्यात कूलरसमोर चटई टाकून दुपारी काढलेला माणूस. नोकरीनं त्याला कॅनडातल्या सस्काटूनला आणून टाकलं, तेव्हा पहिले दोन हिवाळे त्यानं घर आणि ऑफिस यापलीकडे पाऊल टाकलं नव्हतं. पुढे मुलं झाली आणि मुलांनी त्याला ओढून बाहेर काढलं. आधी ईशानी, मग तिच्या मागून नंदन. मुलांना बर्फाची भीती नव्हती. ती इथलीच होती.

सस्काटून म्हणजे नुसता पोळपाट. नजर पोचेल तिथवर सपाट. त्यामुळे पार्कातल्या त्या एका टेकडीवर रविवारी सगळं गाव लोटायचं. आईबाप, आजीआजोबा, कुत्री, थर्मासमधलं हॉट चॉकलेट. मुलं स्लेडवर, म्हणजे बर्फावरून घसरायच्या प्लॅस्टिकच्या घसरगाडीवर, बसून ओरडत खाली जायची आणि धापा टाकत वर यायची.

निघायच्या तयारीलाच इतका वेळ लागायचा की प्रतापची बायको उल्का म्हणायची, एवढ्यात चार पुरणपोळ्या झाल्या असत्या. आधी थर्मल, त्यावर स्वेटर, मग स्नोपँट, जाकीट, बूट, हातांत लोकरीचे मिटन्स. आणि हे सगळं चढवून झालं की नंदनला वॉशरूमला जायचं असायचं. दर वेळी. उल्का कपाळावर हात मारायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

टेकडीवर नंदनचा एकच नियम होता. खाली जायचं, पण वर चढून यायचं नाही. तो पायथ्याशी स्लेडमध्येच बसून राही. ईशानी आपली पायानं चालत वर येई, पण हा पठ्ठ्या तसाच. मग प्रतापनं खाली जायचं, पिवळी दोरी हाताला गुंडाळायची आणि त्याला बसल्या जागी वर ओढून आणायचं. येताना तो बुटांच्या टाचा स्लेडच्या प्लॅस्टिकवर आपटत राहायचा. टक. टक. टक. "बाबा इज माय लिफ्ट," असं तो सगळ्यांना सांगायचा.

मागच्या मार्चमध्ये नंदनला ताप आला. लहान मुलांना येतो तसा ताप. तो वाढला, मग मेंदूत गेला, आणि आठवडा सरायच्या आत नंदन गेला. सहा वर्षांचाही झाला नव्हता.

२

पुढचा हिवाळा आला तेव्हा घरात टेकडीचा विषय कोणी काढला नाही. नोव्हेंबरात बर्फ पडला, डिसेंबर गेला. निळी लांब स्लेड गॅरेजच्या भिंतीवर टांगलेली होती. गाडीतून उतरताना प्रताप तिच्याकडे पाठ करून उतरायचा.

जानेवारीतल्या एका रविवारी ईशानी जिन्यावरून खाली आली ती स्नोपँट, जाकीट, टोपी सगळं घालूनच. दारापाशी उभी राहिली. नऊ वर्षांची पोर, पण मोठ्या माणसासारखी दोघांकडे आळीपाळीनं बघत होती.

"आर वी गोइंग?" तिनं विचारलं.

उल्का सिंकपाशी होती. नळ चालूच ठेवून ती म्हणाली, "घेऊन जा तिला, प्रताप. मी नाही येत."

टेकडीवर नेहमीचाच गोंधळ होता. आभाळ स्वच्छ निळं, ऊन असं की डोळे दुखावेत, आणि थंडी नाकातला ओलावा गोठवणारी. प्रतापनं माथ्यावर स्लेड ठेवली. ईशानी बसली. पण पुढे नाही बसली. मागच्या टोकाला बसली, पाय फाकवून, पुढे जागा सोडून. गेल्या वर्षीपर्यंत त्या जागेत नंदन बसायचा आणि ती त्याच्या पोटाभोवती हात घालायची. आताही तिनं दोन्ही हात तसेच पुढे घेऊन एकमेकांत गुंफले.

सवय आहे, प्रतापनं स्वतःला सांगितलं. आपणही तर रोज सकाळी चार कप काढतो आणि एक परत ठेवतो.

त्यानं स्लेडला धक्का दिला. ईशानी खाली गेली. ती ओरडली, हसली, आणि ते हसू ऐकून प्रतापला कितीतरी महिन्यांनी बरं वाटलं. तो खाली उतरला. ईशानी उठून कपडे झटकत चालायला लागली होती. त्यानं दोरी हाताला गुंडाळली आणि ओढली.

स्लेड हलली नाही.

त्यानं मागे वळून पाहिलं. रिकामी होती. कुठे अडकलीही नव्हती. पुन्हा ओढली, जरा जोर लावून, आणि मग ती हलली. मागे भार असल्यावर हलते तशी. आधी तटून, मग हळूहळू निघत.

त्यानं स्लेड उलटी करून पाहिली. खाली बर्फ चिकटलेला नव्हता. गुळगुळीत प्लॅस्टिक. प्रताप इंजिनियर होता, त्यानं लगेच हिशेब लावला. थंडी फार असली की बर्फ वाळूसारखा कोरडा होतो, वस्तू सरकत नाहीत. हे खरंही होतं. शेजारून लोक आपापल्या स्लेड एका बोटानं ओढत वर चालले होते, तेही त्याला दिसत होतं. पण तो तिकडे बघेना.

माथ्यावर पोचेस्तोवर त्याच्या दंडाला रग लागली. ती ओळखीची रग होती. मागच्या हिवाळ्यात दर रविवारी रात्री उल्का त्या दंडाला बाम चोळून द्यायची.

३

पुढच्या रविवारी थंडी बरीच कमी झाली होती. शून्याच्या आसपास. बर्फ ओला, निसरडा. स्लेड आता आपोआप सरकायला हवी होती.

ती तेवढीच जड होती.

आणि आता आवाजही होता. दोरी ओढत तो वर निघाला की मागून यायचा. टक. टक. थोडा वेळ काही नाही, मग टक. प्रताप थांबला की आवाज थांबायचा. त्यानं पाहिलं, दोरीची गाठ जरा सैल होऊन लोंबत होती. हीच आपटत असणार. त्यानं मिटन काढून उघड्या हातानं गाठ आवळली. बोटं बधिर झाली. पुन्हा निघाला. दहा पावलं शांतता होती. मग मागून आवाज आला, टक, टक, टक, मजेत, तालात.

या वेळी त्यानं मागे वळून पाहिलं नाही.

पाहिलं असतं तर रिकामी स्लेड दिसली असती, हे त्याला ठाऊक होतं. न पाहता ओढत राहिलं तर माथ्यापर्यंत तो दोन मुलांचा बाप होता. एक शेजारून चालतंय, एक मागे बसलंय. एवढंसं तर आयुष्य होतं आपलं, त्याला वाटलं, आणि एवढंच पुरत होतं. तो हळू चालायला लागला. मुद्दाम लांबचा, वळणाचा चढ धरला. गालांवर पाणी आलं, ते त्यानं पुसलं नाही.

तेव्हापासून प्रताप रविवारची वाट बघू लागला. सोमवारपासूनच. ऑफिसात बसल्या बसल्या त्याचं मन त्या चढावर असायचं. शनिवारी रात्री तो गॅरेजमध्ये जाऊन स्लेड पुसून ठेवायचा. वर्षभर जो माणूस आरशात नीट बघत नव्हता, तो दाढी करू लागला. उल्काला त्यानं काही सांगितलं नाही. काय सांगणार होता? की मी रिकामी स्लेड ओढतो आणि ती रिकामी नसते?

अशाच एका रविवारी पायथ्याशी एक पंजाबी बाई उभी होती. तिचा मुलगा आणि मुलगी एका स्लेडवरून भांडत होती. आधी कोण, यावरून कपडे ओढण्यापर्यंत पाळी आली होती. प्रताप दोरी गुंडाळत होता. बाई त्याच्याकडे बघून कसनुसं हसली.

"आपके बच्चे कितने अच्छे हैं, भैया," ती म्हणाली. "दोनों एक ही स्लेड पर, और बिल्कुल लड़ते नहीं."

प्रतापचे हात थांबले. "दोनों?" त्यानं विचारलं.

पण तेवढ्यात तिच्या मुलीनं भोकाड पसरलं आणि बाई तिकडे धावली. प्रताप तिथेच उभा राहिला. त्या टेकडीवर शंभर मुलं होती. सगळ्यांची जाकिटं फुगलेली, सगळ्यांची तोंडं मफलरात. कोणाचं मूल कोण, कोणाला कळणार? बाईनं दुसऱ्याच कोणाला तरी पाहिलं असेल.

ईशानी त्याच्या बाहीला धरून उभी होती. "कॅन वी गो अप नाऊ?" ती म्हणाली. मग हळूच, "ही इज वेटिंग, बाबा."

४

ईशानीत काहीतरी बदलतंय हे आधी उल्काच्या लक्षात आलं.

"हिचे हात बघितलेस का?" एका संध्याकाळी ती म्हणाली. "गरम पाण्यानं आंघोळ घातली, घरात हीटिंग चालू आहे, तरी गार ते गारच. जेवते तर नीट. दोन-दोन पोळ्या खाते. पण मांडीवर घेतली तर..." ती योग्य शब्द शोधत राहिली. "मांडीवर घेतलीय असं वाटतच नाही रे."

"वाढीचं वय आहे," प्रताप म्हणाला. "उंच होतेय, म्हणून सडसडीत वाटते."

उल्का किचनमध्ये गेल्यावर त्यानं ईशानीला वॉशरूममधल्या वजनकाट्यावर उभं केलं. वजन नेहमीएवढंच होतं. तो स्वतः उभा राहिला. काटा बरोबर होता. त्याला हायसं वाटलं. चल, म्हणत त्यानं तिला काट्यावरून उचललं आणि भरलेली समजून रिकामी बादली उचलावी तसे त्याचे हात झटकन वर गेले.

ईशानी हसली नाही. एरवी उंच उचललं की ती खिदळायची. त्याच्या खांद्यावर मान टाकून ती म्हणाली, "आय ॲम टायर्ड, बाबा."

त्या क्षणी त्यानं थांबायला हवं होतं. त्याला ते कळत होतं. पण रविवार परवावर आला होता, आणि टेकडीच्या पायथ्याशी दुसरंही कोणीतरी त्याची वाट बघत असणार होतं. एकदाच, त्यानं मनाशी म्हटलं. या रविवारी जाऊ आणि मग बघू.

त्या रविवारी पहाटे ताजा बर्फ पडला होता. टेकडीची एक बाजू अजून कोणी तुडवलेली नव्हती. प्रतापनं तीच धरली. अर्ध्या चढावर दम खायला थांबला, आणि नको नको म्हणत असताना त्याची नजर आलेल्या वाटेवर गेली.

त्याच्या बुटांचे ठसे खोल उमटले होते. त्यांच्यामागे स्लेडची चाकोरी. तीही खोल, दाबलेली, तळाला चकाकणारी. आणि बाजूनं ईशानी चालली होती तिथे ठसे होते की नव्हते, हे सांगता येत नव्हतं. पक्षी उतरून उडून गेल्यावर राहतात तेवढे ओरखडे.

प्रताप बघत राहिला. वाऱ्यानं बर्फ भरला असेल, तो म्हणाला. मोठ्यानं म्हणाला. पण वारा नव्हता.

"ईशू," त्यानं विचारलं, "तुला... नंदू काही बोलतो का गं?"

ईशानीनं मान हलवली. नाही. मग थोडा विचार करून ती म्हणाली, "ही जस्ट होल्ड्स ऑन. रिअली टाइट." आणि तिनं आपल्या मनगटावर हात ठेवून दाखवलं, कुठं ते.

५

घरी आल्यावर त्या दिवशी उल्कानं त्याला किचनमध्ये गाठलं. दार लोटून घेतलं.

"एक विचारू?" ती म्हणाली. "खरं सांगशील?"

"विचार."

"मला या घरात श्वास घेता येत नाही, प्रताप. त्याचे बूट अजून मी क्लोजेटमधून काढू शकले नाही. आणि तू गॅरेजमध्ये शीळ घालत असतोस. शनिवारी रात्री. मी ऐकलंय. काहून?" चिडली की तिची नागपुरी बाहेर यायची, आता मात्र ती चिडलेली नव्हती, रडवेली झाली होती. "मला चीड नाही येत, बाप्पा. मला हेवा वाटतो. काय मिळतं तुला तिथं? मला पण सांग ना."

प्रतापनं तोंड उघडलं. सगळं ओठावर आलं होतं. पण सांगितलं असतं तर तीही आली असती दोरी धरायला. मग दोघांपैकी कोणी सोडली असती?

"बरं वाटतं तिथं," एवढंच तो म्हणाला.

"मग पुढच्या रविवारी मीही येते."

आणि ती आली. पण पार्किंगमध्ये पोचल्यावर तिचे पाय उतरेनात. ड्रायव्हर सीटवर स्टिअरिंग धरून ती बसून राहिली. समोर काचेतून सगळी टेकडी दिसत होती. रंगीबेरंगी ठिपके खाली घसरत होते, वर चढत होते.

"तुम्ही व्हा पुढे," ती म्हणाली. "मी बघते इथून. जमलं तर येते."

प्रताप ईशानीला घेऊन वर गेला. दुपार कलायला लागली होती. ऊन पिवळं झालं होतं आणि सगळ्यांच्या सावल्या लांब पडल्या होत्या. ईशानी आज गप्प होती. स्लेडच्या मागच्या टोकाला बसली, पुढे जागा सोडली, हात गुंफले. प्रतापनं धक्का दिला.

ती ओरडली नाही. स्लेड सरळ खाली गेली, पायथ्याला थांबायची तिथे थांबली नाही, सपाट मैदानावर बरीच पुढे जाऊन मग थांबली. बाकीची मुलं उठली, आपापल्या स्लेड घेऊन वळली. ईशानी उठली नाही.

प्रताप धावला. बर्फात गुडघ्यापर्यंत रुतत, घसरत, पडत तो तिच्यापर्यंत पोचला. ती डोळे उघडे ठेवून बसली होती. ओठांचा रंग गेला होता.

"ईशू! ऊठ बाळा. चल."

"आय डोंट वाँट टू वॉक," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक, आणि तिचा नव्हताच जणू. "पुल मी अप, बाबा."

ईशानी असं कधीच म्हणत नसे.

त्यानं तिला खांद्याला धरून उभं केलं. दोरी घेतली. एका हातात दोरी, दुसऱ्या हातात ईशानीचा हात, असा तो वर निघाला. टेकडी उजवीकडे ठेवून तसाच सरळ गाडीकडे जायचं, एवढं भान त्याला राहिलं असतं तरी पुरे होतं. पण पाय सवयीनं चढाकडे वळले. मागे भार होता. आजवर कधी नव्हता एवढा. आणि टाचांचा आवाज येत नव्हता. मागे कोणीतरी अगदी शांत, वाट बघत बसलं होतं.

अर्ध्या चढावर त्याला जाणवलं की डाव्या हातात काही नाही.

ईशानी शेजारीच होती. चालत होती. तिचं मिटन त्याच्या मुठीत होतं. त्यानं मूठ आवळली. लोकरीत बोटं लागेनात. अजून आवळली. कुठेतरी खोल, काडीएवढं काहीतरी हाताला लागलं आणि निसटायला लागलं. उजवा हात मात्र खांद्यातून निखळेल असा ताणला होता.

तो थांबला. मागे बघायची त्याची छाती झाली नाही.

"नंदू," तो म्हणाला. वर्षभरात पहिल्यांदाच त्यानं ते नाव हाक मारल्यासारखं उच्चारलं. "नंदू, बाळा, ऐक. बाबाला दोघांना नाही रे ओढता येत."

मागून काही आलं नाही. फक्त दोरी किंचित हलली. लहान मूल ऐकत असताना चुळबुळ करतं तशी.

"तू काही केलं नाहीस. तू गुणी आहेस. पण दीदीला सोड. दीदीला घरी न्यायचंय मला." त्याचा आवाज फुटला. "बाबा तुला... बाबाला नाही जमत रे."

आणि त्यानं उजवी मूठ उघडली.

दोरी लगेच गेली नाही. दोन वेढे हातावर होते. ते त्याला स्वतःच सोडवावे लागले, एक, मग दुसरा. मग पिवळी दोरी मिटनवरून सरकत गेली, आणि मागून सपकन आवाज झाला, भरल्या स्लेडचा असतो तसा, दबका, लांबलचक. तो खाली खाली जात राहिला.

डाव्या हाताला एकदम हिसका बसला. ईशानी बर्फात कोसळली होती आणि आपल्या वजनानं त्यालाही तिनं खाली ओढलं. ती मोठमोठ्यानं रडायला लागली. प्रतापनं तिला छातीशी धरलं. जड होती. जाकीट, बूट, स्नोपँट आणि आत नऊ वर्षांची सगळीच्या सगळी पोर. त्याच्या गळ्याभोवती हात टाकून ती रडत होती आणि तिचे अश्रू गरम होते.

तेव्हा त्यानं खाली पाहिलं.

निळी स्लेड मैदानात दूर थांबली होती. सूर्य तिच्या मागे होता, त्यामुळे नीट काही दिसत नव्हतं. पुढच्या भागात काहीतरी होतं. लहान, वाटोळं, पाठमोरं. बर्फाचा ढीगही असेल. ते हलत नव्हतं. वर बघत नव्हतं. टेकडीवरून मुलं घसरत येत होती, आणि त्या स्लेडजवळ आली की न बघता, न थांबता, आपापल्या स्लेड वळवून तिला वळसा घालून जात होती.

प्रताप बघत उभा राहिला. एक पाऊल खाली टाकलंसुद्धा त्यानं. मग ईशानीला घट्ट धरलं आणि पाठ फिरवली.

६

गाडीचं इंजिन चालू होतं. उल्का ड्रायव्हर सीटवरच होती. तिच्या बाजूच्या काचेवर वाफ धरली होती आणि तिनं तळहातानं पुसलेला एक गोल तिथे दिसत होता.

प्रतापनं मागचं दार उघडून ईशानीला बसवलं, बेल्ट लावला. तिच्या गालांवर रंग चढला होता. नाक ओढत ती म्हणाली, "आय ॲम हंग्री." प्रतापनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. तिची टोपी कुठेतरी पडली होती आणि केस घामानं ओले झाले होते.

तो पुढे येऊन बसला. दार लावलं. ईशानीला बसल्या बसल्या झोप लागली. तिचा श्वास जड, संथ ऐकू येऊ लागला. पार्किंगमधल्या गाड्या एकेक करून निघायला लागल्या. ती पंजाबी बाई मुलांना गाडीत कोंबत होती. टेकडीवरची गर्दी विरळ होत गेली, आणि पलीकडच्या मैदानावर आता निळसर सावली पसरली होती. त्यात काय आहे, काय नाही, इथून दिसत नव्हतं.

उल्का समोर बघत होती. स्लेड कुठं आहे, असं ती विचारेल म्हणून प्रताप उत्तर जुळवत होता. दोरी तुटली, असं सांगायचं त्यानं ठरवलं होतं.

"प्रताप," ती म्हणाली. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. "टोपी होती ना रे डोक्यात त्याच्या?"

बाहेर कुठलं तरी कुत्रं भुंकलं, कोणीतरी त्याला हाक मारली, मग तेही थांबलं.

टेकडीवरून बघताना सूर्य समोर होता. त्याला काही दिसलं नव्हतं.

"होती," तो म्हणाला. "कानांवरून ओढलेली होती. दोन्ही."

"बरं," उल्का म्हणाली. मग बाहीनं तोंड पुसून तिनं गाडी मागे घेतली, आणि आरशात मागे कोण आहे हे न बघता रस्त्याला लावली.